शब्दावरचा जकातनाका : 'मूकनायक' ते मोबाईल

१

२०२५ च्या जून महिन्यात आणीबाणीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. २५ जून हा दिवस 'संविधान हत्या दिवस' म्हणून पाळावा, असे केंद्र सरकारने २०२४ च्या जुलैमध्येच जाहीर केले होते. त्यानुसार पनवेलच्या ज्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवते तेथेही एक व्याख्यान झाले. ते देण्याचे काम माझ्याकडे आले. मी मुलांना सेन्सॉरशिपविषयी सांगितले. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावरील छापखान्यांची वीज तोडली गेली, दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बातमी छापण्याआधी अधिकाऱ्याला दाखवावी लागू लागली, 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, वगैरे.

व्याख्यान संपल्यावर तळोज्याकडून येणारा दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तेव्हा आमच्या वस्तीत पेपर येतच नव्हता. आजोबांना वाचताही येत नव्हतं. मग आमचं बंद काय झालं?"

मुले हसली. मी लोकशाही, मूलभूत हक्क, कलम १९ असे काहीतरी उत्तर दिले. तो मुकाट्याने खाली बसला. परंतु आपण उत्तर दिलेले नाही, हे मला त्याच क्षणी कळले होते. त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, तो इतिहासाचा प्रश्न होता. आविष्कारस्वातंत्र्याचा जो इतिहास आपण शिकतो आणि शिकवतो, तो ज्यांच्या हातात आधीपासून लेखणी होती त्यांचा इतिहास आहे. त्यांच्या हातातून ती काढून घेतली गेली तेव्हा तो सुरू होतो आणि परत मिळाली तेव्हा संपतो. ज्यांच्या हातात ती कधी दिलीच नव्हती त्यांचे काय? त्यांच्यासाठी बंदी कोणत्या तारखेला सुरू झाली?

हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

२

शब्द माणसापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर तीन नाके असतात. पहिला प्रवेशाचा, म्हणजे तुम्हाला आत घेतात की नाही याचा. दुसरा किमतीचा आणि तिसरा सरकारी हुकमाचा. प्रस्थापितांच्या इतिहासात फक्त तिसरा नाका दिसतो, कारण पहिल्या दोन नाक्यांवर त्यांना कोणी अडवलेले नसते.

सरकारी हुकूमसुद्धा सर्वांना सारखा लागू होत नाही, हे इंग्रजी अमदानीतच दिसून आले होते. १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा केला. त्यात जामीन घेण्याची, छापखाना जप्त करण्याची तरतूद होती. मात्र तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने त्यातून सुटण्यासाठी इंग्रजीत निघायला सुरुवात केली. ज्याला इंग्रजी येते तो मोकळा, ज्याला केवळ मायबोली येते तो पहाऱ्यात, असा त्या कायद्याचा व्यवहारातला अर्थ होता. कृष्णराव भालेकरांचे 'दीनबंधु' हे सत्यशोधकी पत्र त्याच्या आदल्याच वर्षी, १८७७ मध्ये, सुरू झाले होते. त्याच्या वाचकाला इंग्रजीचा आडोसा मिळणार नव्हता.

१९१० च्या प्रेस अ‍ॅक्टने याला पैशाची जोड दिली. नव्याने छापखाना वा वृत्तपत्र काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये अनामत घेण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. सूट द्यायची की नाही, हे त्याच्या मर्जीवर होते. ज्याच्यामागे पेढी, वाडा, वकिली आहे त्याला दोन हजार जड जातील, पण अशक्य नाहीत. गिरणीत किंवा रेल्वेत राबणाऱ्या महाराला पाचशे म्हणजे कित्येक महिन्यांचा पगार. असे असतानाही आपल्या माणसांनी पत्रे काढली. याच कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळच्या रावढळ गावच्या गोपाळबाबा वलंगकरांनी पलटणीतून पेन्शन घेतल्यावर १८८८ मध्ये 'विटाळविध्वंसन' लिहिले. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढले. नागपुरात किसन फागूजी बनसोड्यांनी १९१० पासून एकामागून एक पत्रे काढली. ती बंद का पडत, याचे उत्तर सरकारी बंदीच्या यादीत सापडत नाही. ते वर्गणीदारांच्या वहीत सापडते.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले म्हणून किमतीचा नाका कसाबसा ओलांडता आला. परंतु प्रवेशाच्या नाक्यावर काय घडले? 'मूकनायक' निघत असल्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही. ही हकीकत बाबासाहेबांनीच पुढे नमूद करून ठेवली आहे. हुकूम गव्हर्नरचा नव्हता, कलेक्टरचा नव्हता. स्वराज्यासाठी तुरुंगवास पत्करलेल्या संपादकाच्या पत्राचा तो नकार होता. राजद्रोहाच्या कायद्याविरुद्ध लढणाऱ्यांच्याच दारात आमची जाहिरात अडली. 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले. पुढे 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला सुरू झाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकहाती लिहावे लागत. तेही १९२९ च्या नोव्हेंबरात थांबले. या दोन पत्रांना इंग्रज सरकारने बुडवले नाही. दारिद्र्य आणि बहिष्कार यांनी बुडवले.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे : दलितांच्या बाबतीत सेन्सॉर सरकारच्या आधीपासून होता. तो समाजातच बसलेला होता आणि त्याला कोणत्याही वटहुकमाची गरज पडली नाही.

३

'बहिष्कृत भारत' निघाले त्याच्या पंधराच दिवस आधी, १९ आणि २० मार्च १९२७ ला, महाडचा सत्याग्रह झाला. तेव्हा पनवेल आणि महाड दोन्ही तालुके कुलाबा जिल्ह्यात होते. महाड आपल्याला पाण्याचा लढा म्हणून ठाऊक आहे. मला तो कागद आणि वस्तुस्थिती यांच्यामधल्या अंतराचाही लढा वाटतो. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्याचे पाणी घेता आले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल मिळायला १९३७ चा मार्च उजाडला. 'खुले आहे' आणि 'पोहोचता येते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या लोकांनी ओंजळीने शिकून घेतले. आज कोणी 'इंटरनेट सर्वांना खुले आहे' असे म्हणतो तेव्हा मला हे तळे आठवते.

किमतीचा नाका ओलांडण्याची एक युक्तीही आपल्या लोकांनी काढली होती. माझी आजी निरक्षर होती. पण ती 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ही नावे घ्यायची आणि म्हणायची, "आमी पेपर ऐकलाय." वस्तीत अंक एकच येई. तोही मुंबईला कामाला असलेला कोणीतरी शनिवारी घेऊन येई. मग चावडीसारखे सारे जमत, शाळेत चौथीपर्यंत गेलेला पोरगा कंदिलाजवळ बसून वाची आणि म्हातारी माणसे मध्येच थांबवून पुन्हा वाचायला लावीत. एका अंकाची किंमत अशी पन्नास घरांत वाटली जाई. वर्गणीदारांच्या वहीत एक नाव, पण वाचक पन्नास. पत्रांचा खप पाहून दलित चळवळीची ताकद मोजणाऱ्या अभ्यासकांनी हा हिशेब लक्षात घेतला पाहिजे.

४

आता आणीबाणीकडे वळू. येथे आपल्याला स्वतःशीही प्रामाणिक राहावे लागेल.

आणीबाणीत महाराष्ट्रात निषेध झाला नाही असे नाही. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, आणीबाणीविरुद्ध उघड भूमिका घेतली. 'साधना' साप्ताहिक सेन्सॉरशी झुंजले. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सेन्सॉर अधिकाऱ्याला बजावले की, सरकारच्या धोरणावर टीका आहे एवढ्याच कारणाने मजकूर दडपता येणार नाही. या सर्वांविषयी मला आदर आहे.

पण आपल्या बाजूला काय होते? पँथरची स्थापना १९७२ ची. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि केवढा गदारोळ उठला! लेखस्वातंत्र्याची महती गाणाऱ्या किती जणांनी तेव्हा ढाल्यांची बाजू घेतली? 'साधना'ने तो छापला याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. १९७४ मध्ये पँथर फुटली. आणीबाणी आली तेव्हा नामदेव ढसाळांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला. रिपब्लिकन पक्षाचा एक मोठा गट काँग्रेसबरोबर होता. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्या पाठिंब्यामागे एक युक्तिवाद होता आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये आला. वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमीन देण्याची भाषा होती. अस्पृश्यता गुन्हा कायदा १९७६ मध्ये अधिक कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव दिले गेले. तेव्हा आपले कार्यकर्ते विचारीत, "संपादकांचे अग्रलेख बंद झाले म्हणून आम्ही का रडावे? त्या अग्रलेखांत आम्ही कधी होतो?" माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न तो हाच. फक्त पन्नास वर्षांनी जुना झालेला.

त्याचे उत्तर त्या एकवीस महिन्यांत नेमके काय छापू दिले गेले नाही हे पाहिल्यावर मिळते. सेन्सॉरने अग्रलेख कापले, हे आपण ऐकतो. पण एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटला घरे पाडली, गोळीबार झाला, त्याची खरी बातमी लोकांपर्यंत जाऊ दिली नाही. ऑक्टोबर १९७६ मध्ये मुझफ्फरनगरात सक्तीच्या नसबंदीला विरोध करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तीही बातमी दडपली. १९७८ मध्ये आलेल्या शहा आयोगाच्या अहवालात हे सारे नोंदले आहे. आपल्या मुंबईत मानखुर्दची जनता कॉलनी मे १९७६ मध्ये जमीनदोस्त केली गेली आणि सुमारे सत्तर हजार माणसे चिता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. मोर्चा नाही, सभा नाही, मोकळेपणाने लिहिण्याची सोय नाही. याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ऑगस्ट १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. कोरा अग्रलेख संपादकाचा होता, पण पाडलेली घरे आणि कापलेली शरीरे कोणाची होती? झोपडपट्टीतल्या दलितांची, मुसलमानांची, मजुरांची. सेन्सॉरशिपचा मान संपादकांच्या वाट्याला आला आणि तिची किंमत आपल्या लोकांनी भरली.

म्हणून माझे दुसरे म्हणणे : बोलण्याची मोकळीक ही पोट भरलेल्यांची चैन आहे, हे मत आपण सोडून दिले पाहिजे. ज्याच्या घरावर बुलडोझर येणार असतो त्याला बातमीची गरज सर्वांत जास्त असते. तुम्ही वृत्तपत्र वाचत नसाल, तरी तुमच्याविषयी काय छापले जाते आणि काय छापले जात नाही, यावर तुमचे जगणे अवलंबून असते.

५

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. चित्रांसह चालणाऱ्या जोडणीसाठी एका व्यक्तीला वर्षाला २५० तासांचे १५,००० रुपये मोजावे लागत. शिवाय घरी टेलिफोन हवा, संगणक हवा. त्या वर्षी मी लहान होते. माझे वडील तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर होते आणि आई नवीन पनवेलला धुणीभांडी करायची. त्यांच्या वर्षाच्या मिळकतीपुढे हा आकडा ठेवून पाहावा. १९१० ची अनामत नाव बदलून पुन्हा आली होती.

इंटरनेटशी माझी पहिली भेट २००६ साली सायबर कॅफेत झाली. मी प्रथम वर्षाला होते. तासाला वीस रुपये. अर्ध्या तासाचे दहा हातात घट्ट धरून जायचे आणि घड्याळाकडे पाहत टाइप करायचे. त्याच साली २९ सप्टेंबरला खैरलांजी घडली. मला ती महिनाभराने कळली, तीही कोणा कार्यकर्त्याने कॅफेतून काढून आणलेल्या चार पानी प्रिंटआउटवरून. मोठ्या वृत्तपत्रांनी सुरुवातीला त्या हत्याकांडाला किती आणि कशी जागा दिली हे सर्वांना ठाऊक आहे. ई-मेल, झेरॉक्स पत्रके आणि सत्यशोधन अहवाल हातोहात फिरले, नोव्हेंबरात विदर्भात लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे राज्याला जाग आली. आणि मग गृहमंत्र्यांना या आंदोलनात नक्षलवाद्यांचा हात दिसला! आमच्या वस्तीत ते प्रिंटआउट समाजमंदिरात मोठ्याने वाचले गेले. आजी ऐकत होती. कंदिलाच्या जागी ट्यूबलाइट होती, एवढाच फरक.

या अनुभवामुळे इंटरनेटविषयी माझ्या पिढीला मोठी आशा वाटली. 'केसरी'च्या दारात न जाता आपली जाहिरात आपण करू शकतो, असे वाटले. प्रवेशाचा नाका मोडला, अशी आमची समजूत झाली.

पण नाके हलतात, मोडत नाहीत. २०११ मध्ये सायबर कॅफेचे नियम आले. ओळखपत्राशिवाय बसू द्यायचे नाही, कोण आले, काय पाहिले याची नोंद वर्षभर ठेवायची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाखाली अशा अटका होत ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले.

६

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली आणि डेटा स्वस्त झाला. वस्तीत घरटी मोबाईल आला. हा बदल मोठा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण जे स्वस्त झाले ते कायम स्वस्त राहील याची हमी कोणी दिली होती? डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४, असे तीनदा मोठ्या कंपन्यांनी मिळून दर चढवले. रिचार्ज २८ दिवसांचा असतो, म्हणजे कंपनीचे वर्ष तेरा महिन्यांचे होते. पगार मात्र बाराच महिन्यांचा मिळतो. रोजंदारीवरच्या माणसाला हे गणित कळते. चळवळीतल्या सुशिक्षितांना ते अजून राजकीय वाटत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत ते राजकीय आहे हे मला वर्गात दिसले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे देशभरात २३.८ टक्के आढळली होती. ग्रामीण भागात १४.९ टक्केच. तरी सारे शिक्षण एका रात्रीत पडद्यावर नेले गेले. माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी वीसही हजर नसत. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतली एक ठाकूर मुलगी रेंजसाठी टेकडीवर चढून बसे आणि पाऊस आला की तिचा तास संपे. एका घरी मोबाईल एकच होता, तो भाऊ कामावर घेऊन जाई. बहिणीचा तास रात्री दहानंतर, माझ्या आवाजाची फाइल ऐकून. या मुलांना कोणी हुकूम काढून गप्प केले नव्हते. हजेरीपटावर त्यांच्यापुढे मी स्वतःच्या हाताने 'गैरहजर' लिहीत होते.

आणि हुकूमसुद्धा आहेतच. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमाला अभिवादनासाठी गेलेल्या लोकांवर हल्ला झाला. त्यानंतरच्या बंदच्या काळात तेव्हाच्या औरंगाबादेत मोबाईल इंटरनेट बंद केले गेले. पुढच्या वर्षी अभिवादनाच्या वेळी कोरेगाव परिसरात खबरदारी म्हणून तेच झाले. अफवा पसरू नयेत हे कारण दिले जाते. अफवेचे संकट खोटे नाही. पण अफवेबरोबर मदतीची हाकही बंद होते, मार खाल्लेल्या माणसाने काढलेले चित्रही बंद होते. मग उरते फक्त पोलिसांचे निवेदन.

येथे १८७८ चा कायदा पुन्हा आठवतो. बहुतेक हुकमांत मोबाईलचे इंटरनेट बंद होते आणि तारेने घरात आलेले ब्रॉडबँड चालू राहते. ज्याच्याकडे फ्लॅट आहे, वायफाय आहे तो बोलत राहतो. ज्याच्याकडे फक्त मोबाईल आहे तो मुका होतो. तेव्हा रेघ भाषेची होती, आता ती तार आणि टॉवर यांच्यामध्ये आहे. ती रेघ कोणत्या वस्तीच्या हद्दीवरून जाते हे सांगायला नको.

या हुकमांचा मूळ आधारही इंग्रजांचाच. १८८५ च्या टेलिग्राफ अ‍ॅक्टखाली २०१७ मध्ये इंटरनेट स्थगितीचे नियम झाले. आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेतली आहे. काश्मिरात ऑगस्ट २०१९ मध्ये सर्व संपर्क तोडला गेला आणि ४-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तेथल्या संपादिका अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले की, बेमुदत बंदी चालणार नाही आणि प्रत्येक हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे. मणिपुरात मे २०२३ पासून पुन्हा महिनोन्‌महिने तेच घडले. 'अ‍ॅक्सेस नाऊ' या संस्थेच्या मोजणीत २०२३ या एका वर्षात भारतात ११६ वेळा इंटरनेट बंद झाले. १९७५ ची बंदी एका हुकमाने सगळ्या देशावर आली, म्हणून ती दिसली आणि तिच्याविरुद्ध मतदान करता आले. आजची बंदी जिल्ह्याजिल्ह्याने, तीन-तीन दिवसांनी येते. तिचा स्मृतिदिन कोण पाळणार?

७

माझ्या महाविद्यालयापासून फार दूर नाही, असा आमच्याच पनवेल तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. तेथे शब्दाला एकच वाट असते. कागदाची, आणि तीही कारागृहाच्या कार्यालयातून जाणारी.

आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. ते याच तुरुंगात होते. उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर ते सुटले तो दिवस २६ नोव्हेंबर २०२२ होता. संविधान दिन. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाहून परतताना अटक झाली होती. मे २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले. ६ जून २०१८ ला त्यांना पुन्हा अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच साडेसहा वर्षांहून अधिक काळ गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये ते जामिनावर बाहेर आले. याच तुरुंगात गौतम नवलखा यांना घरून आलेले पी. जी. वुडहाउस यांचे विनोदी पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारले गेले होते. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने हा प्रकार हास्यास्पद ठरवला.

या खटल्यात कोण दोषी, कोण निर्दोष हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. माझा मुद्दा एवढाच की, 'मूकनायक' निघाल्याला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, त्या परंपरेत लिहिणारी माणसे माझ्या तालुक्यातल्या भिंतींआड पत्र बाहेर जाण्याची वाट पाहत होती. सकाळी कॉलेजला जाताना खारघरच्या बाजूची बस दिसली की मला याची आठवण होते, आणि त्या वर्षांत मी वर्गात त्याविषयी काही बोलले नाही, याचीही. मला कोणी मनाई केली नव्हती. नोकरी नवी होती, घरात पगार आणणारी मी एकटी होते. प्रत्येक सेन्सॉरला अधिकारी लागत नाही.

८

मग करायचे काय? तीन गोष्टी मला सुचतात.

पहिली, आपल्या जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले की हुकमाची प्रत मागायची. न्यायालयाने ती प्रसिद्ध करायला सांगितली आहे. महाडला ठराव होता तरी तळ्यावर जावे लागले, तसे येथेही निकाल आहे तरी मागावे लागेल.

दुसरी, रिचार्ज हा शिक्षणाचा खर्च मानायला लावायचे. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या मोबाईलबंदीच्या प्रकरणात, इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला आहे. फ्रीशिपमध्ये फी माफ होते, डेटा का होऊ नये? समाजमंदिरात, विहारात, वाडीच्या शाळेत तारेची जोडणी का असू नये? हे मोर्च्याचे विषय आहेत.

तिसरी, आपले सारे शब्द मोबाईलच्या हवाली करून मोकळे व्हायचे नाही. कंपनीने खाते बंद केले, सरकारने पान अडवले, रिचार्ज संपला, तर आपल्यापाशी काय उरेल? छापलेला अंक उरतो. मोठ्याने वाचण्याची सवय उरते. नियतकालिकांना आजही अर्थ आहे तो यासाठी.

शेवटी त्या विद्यार्थ्याविषयी. मी त्याला नंतर बोलावून घेतले आणि म्हटले, "अरे, पंच्याहत्तर-शहात्तर साली तुमच्या वस्तीत काय झालं ते आजीला विचारून ये." आठवड्याने तो आला. आजीने सांगितले होते की, त्या वर्षी रात्री गाडीचा आवाज आला की वस्तीतले बापये खाडीकडे पळत आणि पहाटेपर्यंत चिखलात बसून राहत. नसबंदीच्या भीतीने. कोणाला पकडून नेले, कोण परत आले, कोण नंतर आजारी पडले, हे तिला नावानिशी पाठ होते.

मी त्याला विचारले, "हे कुठल्या पेपरात आलं होतं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कुठल्याच नाही, मॅडम." आणि वही काढून आजीने सांगितलेली नावे एकाखाली एक लिहू लागला.